ब्राउझर बंद, तरी यंत्र राबतंय: प्लगइन आणि एक्स्टेन्शनच्या पडद्यामागच्या प्रोसेस कशा ओळखाव्यात, कशा थांबवाव्यात

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. ब्राउझरमध्ये जेमतेम तीन टॅब उघडे असतात आणि इथे त्याच नावाच्या पंधरा-वीस ओळी दिसतात. शंभर एमबी ही, दोनशे ती. पंखा घरघरत असतो. अशा वेळी हात आपोआप 'एंड टास्क'कडे जातो. एक ओळ मारली की टॅब कोसळतो, दुसरी मारली की काहीच होत नाही, तिसरी मारली की ती दोन सेकंदांत पुन्हा हजर.

प्रोसेस मारणं हा उपाय नव्हेच. ती कुणी सुरू केली ते शोधायचं आणि बंद करायचं ते तिथे. मालक एकदा सापडला की बंद करायला अर्धा मिनिट पुरतो. वेळ लागतो तो सगळा शोधण्यात, म्हणून या लेखातही शोधण्यावरच भर आहे.

आधी, इतक्या प्रोसेस मुळात का असतात? 2010 पूर्वी ब्राउझर वापरलेल्यांना आठवत असेल, एखाद्या पानावरचा फ्लॅशचा व्हिडिओ अडकला की अख्खा ब्राउझर गोठायचा आणि अर्धवट लिहिलेली मेलही गेली समजायची. कारण पान, टॅब, फ्लॅश, जावा हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालायचं. 2008 मध्ये क्रोम आला तो टॅब आणि प्लगइन वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवण्याची रचना घेऊनच. फायरफॉक्सने जून 2010 मधल्या 3.6.4 या आवृत्तीत फ्लॅश, क्विकटाइम, सिल्व्हरलाइट यांना बाहेर काढून 'प्लगइन-कंटेनर' नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवलं. फ्लॅश कोसळला तर फक्त त्या चौकटीत राखाडी ठोकळा दिसे, बाकी ब्राउझर शाबूत. पण लोकांनी टास्क मॅनेजरमध्ये हे अनोळखी नाव पाहिलं आणि व्हायरस समजून ते बंद करण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगायला सुरुवात केली.

त्या युक्त्या आजही शोधल्यावर वर येतात. फायरफॉक्सच्या 'अबाउट कॉन्फिग' पानावर जा, 'डॉम डॉट आयपीसी'ने सुरू होणारी प्लगइनची नोंद शोधा, 'ट्रू'चं 'फॉल्स' करा, वगैरे. हा सल्ला आता सरळ दुर्लक्षित करावा. ज्या प्लगइनांसाठी ती सोय होती तीच उरलेली नाहीत. क्रोमने 2015 मध्ये 45 व्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची प्लगइनं पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने 2017 मध्ये 52 व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता बाकीची काढली. अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा पाठिंबा थांबवला, 12 जानेवारी 2021 पासून त्यात काही चालेनासं झालं आणि त्याच महिन्यात आलेल्या फायरफॉक्स 85 मधून फ्लॅश गेला. प्लगइन-कंटेनर ही फाइलच पुसून टाका किंवा तिचं नाव बदला असंही कुणी सुचवतं. तेही करू नका. पुढच्या अपडेटला ती परत येईल आणि मधल्या काळात ओटीटीवरचा सिनेमा का चालत नाही याचा शोध घेत बसाल.

कारण प्लगइन अगदीच संपलेली नाहीत. फायरफॉक्समध्ये 'अॅड-ऑन्स अँड थीम्स' उघडून डावीकडच्या 'प्लगइन्स'वर गेलात तर साधारण दोन नावं दिसतील. एक सिस्कोचं ओपनएच-264, जे ब्राउझरमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलसाठी लागतं. दुसरं गूगलचं वाइडवाइन, ज्याच्याशिवाय नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे कुलूपबंद व्हिडिओ उघडत नाहीत. दोन्ही गरज पडेल तेव्हाच स्वतंत्र प्रोसेस सुरू करतात, एरवी गप्प असतात. ओटीटी ब्राउझरवर कधीच बघत नसाल तर सेटिंग्जमधल्या 'जनरल' विभागात 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट'ची खूण काढा, वाइडवाइन बंद होईल. ओपनएच-264 साठी त्याच प्लगइनच्या पानावर 'नेव्हर अॅक्टिव्हेट' निवडता येतं. पण यातून यंत्राचा वेग वाढेल अशी आशा नको. आजचा भार दुसरीकडेच असतो.

आतला टास्क मॅनेजर

विंडोजचा टास्क मॅनेजर बाहेरून बघतो, त्याला सगळ्या ओळी सारख्याच दिसतात. आतली नावं ब्राउझरला ठाऊक असतात. क्रोम किंवा एज उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. मॅकवर क्रोमच्या 'विंडो' मेनूत तो सापडतो. फायरफॉक्समध्ये मेनूतल्या 'मोअर टूल्स'खाली 'टास्क मॅनेजर' आहे, तो प्रोसेसचं पान उघडतो.

क्रोमच्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कुणाची ते लिहिलेलं असतं. 'ब्राउझर' म्हणजे मुख्य प्रोसेस, ती मारली की सगळं बंद. 'जीपीयू प्रोसेस' चित्र आणि व्हिडिओ रंगवते. 'युटिलिटी: नेटवर्क सर्व्हिस' इंटरनेटची ये-जा सांभाळते, 'स्टोरेज सर्व्हिस' साठवण बघते. 'स्पेअर रेंडरर' ही पुढचा टॅब चटकन उघडावा म्हणून आधीच तयार ठेवलेली रिकामी प्रोसेस. या ओळींना हात लावायचा नाही. मुख्य प्रोसेस सोडून बाकीच्या मारल्या तरी ब्राउझर त्या लगेच पुन्हा उभ्या करतो, आणि तेवढ्या खटाटोपात जास्त वीज जाते.

'सबफ्रेम' लिहिलेल्या ओळींचं अनेकांना कोडं पडतं. एकाच बातमीच्या पानावर जाहिरात एका ठिकाणची, व्हिडिओ दुसरीकडचा, प्रतिक्रियांची चौकट तिसरीकडची. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसर-चिपमधली त्रुटी जाहीर झाली. एका पानातला कोड त्याच प्रोसेसच्या स्मृतीतली दुसऱ्या पानाची माहिती वाचू शकेल, असा तो धोका होता. त्याच वर्षी क्रोमने 67 व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रोसेस देणं सुरू केलं, पानाच्या आतल्या परक्या चौकटींनासुद्धा. फायरफॉक्सने 2021 च्या अखेरीस तीच वाट धरली. रॅम जास्त जाते हे खरं, पण शेजारच्या टॅबमधल्या जाहिरातीपासून तुमच्या बँकेचं पान वेगळं ठेवणारी ही भिंत आहे. ती पाडण्याची छुपी सेटिंग सांगणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. सबफ्रेम कमी करायच्या असतील तर टॅब कमी करा किंवा चांगला जाहिरातरोधक वापरा. जाहिरातरोधक स्वतः थोडी रॅम घेतो, पण जाहिरातींनी भरलेल्या पानांवर त्याहून कितीतरी जास्त वाचवतो. एक्स्टेन्शन जितकी कमी तितकं बरं, हे माझं मत आहेच. हा त्याला अपवाद.

आता 'एक्स्टेन्शन' आणि 'सर्व्हिस वर्कर' अशी सुरुवात असलेल्या ओळी. आपलं काम इथे आहे. मेमरी किंवा सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा आणि यंत्रावर काहीही न करता दोन-तीन मिनिटं नुसतं बघत राहा. क्षणभर उसळून शांत होणारी ओळ निर्दोष. तुम्ही काहीच करत नसताना जिचा सीपीयूचा आकडा शून्यावर येतच नाही, ती संशयित.

एक्स्टेन्शनचा भार दोन ठिकाणी

यादीतली एक्स्टेन्शनची ओळ म्हणजे त्याचा पूर्ण खर्च, असं समजून बहुतेक जण फसतात. एक्स्टेन्शनचा एक भाग पडद्यामागे चालतो, तो या ओळीत दिसतो. दुसरा भाग तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानात शिरतो आणि त्याचा खर्च त्या त्या टॅबच्या नावावर पडतो. प्रत्येक पान काळं करणारं, व्याकरण तपासणारं, दुकानांतले भाव ताडून बघणारं, शब्दावर बोट ठेवताच अर्थ दाखवणारं एक्स्टेन्शन यादीत तीस-चाळीस एमबीचं साळसूद दिसतं. पण वीस टॅब उघडे असतील तर ते वीस ठिकाणी राबत असतं, आणि आपण दोष देतो त्या संकेतस्थळांना.

याची परीक्षा सोपी आहे. क्रोम आणि एजच्या खासगी खिडकीत तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. जड वाटणारं तेच पान खासगी खिडकीत उघडा. तिथे ते हलकं चाललं तर गुन्हेगार बहुधा एक्स्टेन्शनमध्येच आहे. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मेनूतला 'ट्रबलशूट मोड' हेच काम करतो. मग एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन निम्मी बंद करा, ब्राउझर पुन्हा उघडा, बघा. त्रास गेला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यांत, नाही तर उरलेल्यांत. त्या गटाचे पुन्हा दोन भाग. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत नाव बाहेर येतं. फायरफॉक्समध्ये ही पद्धत जास्तच उपयोगी, कारण तिथे सगळी एक्स्टेन्शन एकाच प्रोसेसमध्ये बसतात.

पडद्यामागच्या भागाचं वागणंही आता बदललं आहे. पूर्वी क्रोमच्या एक्स्टेन्शनला एक अदृश्य पान दिवसभर उघडं ठेवता येत असे. 'मॅनिफेस्ट व्ही-3' या नव्या नियमावलीत त्याची जागा सर्व्हिस वर्करने घेतली. काम आलं की तो जागा होतो आणि साधारण तीस सेकंद काही झालं नाही की थांबवला जातो. एक्स्टेन्शनच्या पानावर वर उजवीकडे 'डेव्हलपर मोड' सुरू केलात तर बऱ्याच नावांखाली सर्व्हिस वर्करच्या पुढे 'इनअॅक्टिव्ह' असं दिसेल. म्हणजे ते झोपलेलं आहे, बंद करून तिथे फारसं काही वाचणार नाही. तासभर ब्राउझरला हात न लावताही जे 'इनअॅक्टिव्ह' होत नाही, त्याने जागं राहण्याची काही तरी सबब शोधली आहे. सबब योग्य असू शकते, पण विचारायला हवी.

बंद करण्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि लोक मधली विसरतात. पहिली म्हणजे पूर्ण काढून टाकणं. तिसरी म्हणजे नुसतं खटका फिरवून निष्क्रिय करणं. मधली पायरी अशी: क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीशेजारी कोड्याच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून एक्स्टेन्शनपुढचे तीन ठिपके दाबा आणि पानावरची माहिती वाचण्या-बदलण्याच्या परवानगीत 'तुम्ही क्लिक कराल तेव्हाच' असा अर्थ असलेला पर्याय निवडा. किंवा तपशिलाच्या पानावर 'साइट अॅक्सेस'मध्ये ठरावीक संकेतस्थळांची नावं लिहा. कूपन शोधणारं एक्स्टेन्शन मग दुकानाच्या पानावरच जागं होतं, बँकेच्या पानावर डोकावत नाही. एक्स्टेन्शन ठेवायचंही आहे आणि त्याची वर्दळही नको, असं असेल तर हीच पायरी वापरा.

नुसतं निष्क्रिय करून ठेवलेलं एक्स्टेन्शन मात्र मला आवडत नाही. महिनाभर लागलं नाही तर ते जाऊ द्यावं. 'द ग्रेट सस्पेंडर'चं काय झालं ते पाहा. न वापरलेले टॅब झोपवून रॅम वाचवणारं हे एक्स्टेन्शन, वीस लाखांहून जास्त लोकांनी घेतलेलं. 2020 मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कुणाला विकलं. नव्या मालकाची ओळख कुणाला धड ठाऊक नव्हती, नंतरच्या आवृत्तीत संशयास्पद कोड सापडला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगत ते दुकानातून काढलं, लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद पाडलं. एक्स्टेन्शनची मालकी बदलते तेव्हा आपल्याला कुणी कळवत नाही, अपडेट मात्र गुपचूप येतो. शिवाय त्या कामासाठी आता एक्स्टेन्शन लागतच नाही: क्रोममध्ये 'परफॉर्मन्स'खाली मेमरी सेव्हर आहे, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज', आणि रॅम कमी पडली की फायरफॉक्स स्वतःहून टॅब उतरवतो.

मराठी टंकनासाठी घेतलेल्या एक्स्टेन्शनबद्दलही हेच म्हणेन. टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय त्याला काम करताच येत नाही, आणि ते सगळ्या पानांवर हजर असतं. विंडोज 10 च्या 2019 मधल्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' हा कळफलक विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांत हा कळफलक निवडा, आणि एक्स्टेन्शनला निरोप द्या. 'namaskar' असं रोमन लिपीत लिहून 'नमस्कार' मिळवण्याची सोय तिथेही आहे, आणि ती वर्डमध्ये, व्हॉट्सअॅपमध्येही चालते.

खिडकी मिटल्यावर

ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं म्हणजे तो बंद झाला असं नाही. क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'सिस्टिम' विभागात, खिडकी बंद झाल्यावरही पार्श्वभूमीतले अॅप चालू ठेवण्याचा एक खटका आहे. तो सुरू असेल आणि तशी परवानगी मागणारं एक्स्टेन्शन बसवलेलं असेल, तर क्रोम घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जिवंत राहतो. खटका बंद करा. एजमध्ये 'सिस्टिम अँड परफॉर्मन्स'खाली असे दोन खटके आहेत. एक क्रोमसारखाच, दुसरा 'स्टार्टअप बूस्ट'. हा दुसरा विंडोज सुरू होतानाच एजच्या काही प्रोसेस तयार ठेवतो, म्हणजे तुम्ही आयुष्यात एज उघडला नसला तरी टास्क मॅनेजरमध्ये तो दिसू शकतो. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही बंद करून टाका. सोळा जीबीच्या यंत्रावर फरक जाणवणार नाही.

फायरफॉक्स खिडकी मिटल्यावर बहुधा खरोखरच बंद होतो. मात्र विंडोजवर त्याचा 'डीफॉल्ट ब्राउझर एजंट' नावाचा छोटा कार्यक्रम दिवसातून एकदा धावतो आणि मुख्य ब्राउझर कोणता आहे याची नोंद मोझिलाला पाठवतो. नको असेल तर टास्क शेड्यूलरच्या यादीत 'मोझिला' नावाच्या कप्प्यात तो सापडेल, उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. मॅकवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की लाल ठिपक्याने खिडकी जाते, ब्राउझर जात नाही. त्यासाठी कमांड आणि क्यू.

सूचनांचं प्रकरण वेगळं. 'तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस' अशा धमक्या कोपऱ्यात उगवू लागल्या तर ते बहुतेकदा एक्स्टेन्शन नसतं, व्हायरसही नसतो. कधीतरी एखाद्या पानावर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये परवानगी दिलेल्यांची यादी बघा आणि मेल किंवा कॅलेंडर सोडून बाकी सगळी नावं काढा. फोनवरच्या क्रोममध्येही हीच जागा.

हे मात्र बंद करू नका

काही एक्स्टेन्शन ब्राउझरबाहेरच्या कार्यक्रमाशी जोडलेली असतात: पासवर्ड सांभाळणारी, डाउनलोड मॅनेजर, अँटिव्हायरस. त्यांचा बाहेरचा भाग ब्राउझरच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, विंडोजच्या यादीत वेगळ्याच नावाने दिसतो. एक्स्टेन्शन बंद केलं की डाउनलोड मॅनेजरसारख्यांचा मूळ कार्यक्रम तरीही चालू राहू शकतो. तो विंडोजच्या 'स्टार्टअप अॅप्स'मधून किंवा थेट विस्थापित करून थांबवावा लागतो.

सीए, कर सल्लागार आणि छोट्या कंपन्यांच्या कार्यालयात मात्र इथे जपून. डिजिटल सहीसाठी पूर्वी सरकारी संकेतस्थळं जावाच्या प्लगइनवर अवलंबून होती. ब्राउझरांनी ते हाकलल्यावर सहीचं काम संगणकावरच चालणाऱ्या छोट्या कार्यक्रमांकडे गेलं. जीएसटीच्या पोर्टलवर सही करताना लागणारा एमसाइनर हा असाच. तो पार्श्वभूमीत वाट बघत असतो, आणि पोर्टलचं पान तुमच्याच यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावर, म्हणजे 127.0.0.1 वर, त्याला गाठतं. उत्साहाच्या भरात तो स्टार्टअपमधून काढला तर विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला टोकन लावलेलं असूनही सही होत नाही आणि ओरडा बिचाऱ्या टोकनवाल्याला खावा लागतो. रोज लागत नसेल तर आपोआप सुरू होणं बंद ठेवा, पण तो हाताने कुठून सुरू करायचा याची चिठ्ठी कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावा. त्याहून बरं म्हणजे सहीच्या कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. प्रोफाइलागणिक एक्स्टेन्शन वेगळी असतात, त्यामुळे रोजच्या वापरातला पसारा तिथे पोचत नाही.

शेवटचा एक प्रकार: एक्स्टेन्शन दिसतं, पण काढण्याचं बटण मेलेलं असतं आणि मेनूत तळाशी 'तुमची संस्था हा ब्राउझर सांभाळते' अशा अर्थाचं वाक्य येतं. संगणक कार्यालयाचा असेल तर ते आयटी विभागाने लादलं आहे, त्यांच्याशीच बोला. घरच्या संगणकावर असं दिसलं तर सावध व्हा. काही अँटिव्हायरस असं करतात, पण नको असलेले कार्यक्रमही याच वाटेने एक्स्टेन्शन घुसवतात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'पॉलिसी' असं इंग्रजीत लिहिलं की कोणता नियम लादला आहे ते कळतं. तिथे सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनची लांबलचक अक्षरी ओळख सापडली, तर विंडोजच्या 'इन्स्टॉल्ड अॅप्स'ची यादी तारखेनुसार लावा, त्या सुमारास बसलेला अनोळखी कार्यक्रम काढा आणि विंडोज सिक्युरिटीचा पूर्ण स्कॅन चालवा. स्कॅन संपून संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत त्या ब्राउझरमध्ये बँकेचं पान उघडू नका. त्यानंतर मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला, आणि तोही दुसऱ्या यंत्रावरून.